बोरिवलीचं नॅशनल पार्क: गाडीने नको, गेटापासून कान्हेरीपर्यंत पायी जा

माझ्याकडून पाचपैकी पाच. आणि हे पाच सफारीला नाहीत, बोटिंगला नाहीत, मुलांच्या झोपाळ्यांना तर नाहीतच. गेटापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत तो सहा किलोमीटरचा रस्ता जातो ना, त्या रस्त्याला आहेत. बहुतेक लोक तो मिनीबसच्या खिडकीतून बघतात आणि वर जाऊन लेण्यांसमोर फोटो काढून परत येतात, मीसुद्धा कितीतरी वर्षं तेच केलं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आम्ही दहिसरचे. म्हणजे पार्क अक्षरशः शेजारी, हायवेवरून रोज जाता-येता डोंगर दिसतो. शाळेत असताना सहल म्हटलं की नॅशनल पार्क, वनराणी या छोट्या खेळण्यातल्या रेल्वेत बसायचं, डबा खायचा, संपलं. लग्नानंतर मात्र "निसर्गात जाऊया" म्हटलं की आमच्या डोक्यात कर्जत, लोणावळा, अलिबाग, डहाणू हीच नावं यायची, घराजवळ शंभर चौरस किलोमीटरचं जंगल पडलंय हे कुणाच्या मनातच नाही. मग मागच्या डिसेंबरात आम्ही कर्जतच्या बाजूला एका फार्महाऊसवर गेलो. नाव घेत नाही कारण तसली ठिकाणं आता पैशाला पासरी झालीत. जाहिरातीत "निसर्गाच्या कुशीत", फोटोत डोंगर आणि धुकं. आम्ही मोठे तिघं आणि मुलगा, एका रात्रीचे अकरा हजार. गेलो तर अंगणात प्लास्टिकचं हिरवं गवत, मधे स्विमिंग पूल, आणि रात्री दहा वाजून गेले तरी डीजे चालूच. डोंगर समोर होता, अगदी हाताच्या अंतरावर, पण मागचं फाटक कुलूपबंद, विचारलं तर म्हणे तिकडे जाऊ नका, साप निघतात. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाता खाता विचारलं, आई, जंगल कधी दाखवणार? मला फार वाईट वाटलं हो. येताना ट्रॅफिकमध्ये चार तास गेले ते वेगळेच.

जानेवारीत एका मंगळवारी त्याच्या शाळेला सुट्टी होती. नवरा कामावर. मी आईला म्हटलं चल, आपण तिघं नॅशनल पार्कला जाऊ आणि चालत जाऊ. आई सदुसष्ट वर्षांची, मूळची संगमेश्वरकडची, चालायचं म्हटलं की तिला काही वाटत नाही, उलट चपला घालून तीच आधी तयार. तेव्हापासून आम्ही पाच वेळा गेलोय, वेगवेगळ्या महिन्यांत, त्यामुळे आता खात्रीने सांगू शकते.

आधी जायचं कसं ते सांगून टाकते. बोरिवली स्टेशनला पूर्वेला उतरायचं, तिथून रिक्षा किंवा चालत पंधरा-वीस मिनिटं, गेट हायवेवरच आहे. मेट्रोचं तर आता राष्ट्रीय उद्यान नावाचं स्टेशनच आहे. सोमवारी पार्क बंद असतं, हे विसरून सोमवारी गेटवर येऊन परत जाणारी माणसं मी स्वतः पाहिलीयेत, लहान मुलं रडत होती बिचारी. शनिवार-रविवार शक्यतो टाळा, नाहीच जमलं तर सकाळी गेट उघडल्या उघडल्या आत शिरा. तिकीट गेटवर काढायचं, कान्हेरीचं वेगळं असतं, ते वर लेण्यांजवळ, पुरातत्त्व खात्याचं, आपल्याला २५ रुपये. चालायचं नसेल तर मिनीबस आहे, सायकली भाड्याने मिळतात, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खुशाल बसने वर जावं आणि येताना उतारावर जमेल तेवढं चालावं, तेही चांगलं.

पहिला एक किलोमीटर मी फारसा मोजत नाही. तिथे बाग आहे, बोटिंग आहे, गांधी टेकडी आहे, पलीकडे जैन मंदिरातल्या त्या तीन उंच मूर्ती, सफारीची लाईन. मुलं असतील तर थोडा वेळ जाईल, जाऊ दे. वनराणी मला मनापासून प्रिय आहे, मे २०२१ च्या तौक्ते वादळात तिच्या रुळांची दुर्दशा झाली तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शाळेतल्या सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली होती. पण पार्क म्हणजे तेवढंच असं समजून तिथूनच परत फिरू नका, खरं पार्क पुढे सुरू होतं.

पुढे म्हणजे कुठे, तर दहिसर नदी ओलांडली की. आमच्या दहिसरला जी नदी आपण नाला म्हणून नाक दाबून ओलांडतो तीच ही, आत तुळशी तलावातून निघते आणि इथे तिचं पाणी बघा, खडकांमधून वाहतंय, तळ दिसतोय, खंड्या बसलाय. मुलाला मी सांगितलं की ही आपली नदी, तर त्याला पटेचना. पाच मिनिटं तो कठड्याला धरून खाली बघत उभा राहिला. म्हणाला, मग आपल्याकडे येईपर्यंत तिला काय होतं? आई म्हणाली, माणसं होतात.

त्यानंतर रस्ता हळूहळू चढायला लागतो आणि हायवेचा आवाज मागे राहतो. तो नेमका कुठे बंद होतो हे शोधायचा मी दर वेळी प्रयत्न करते आणि दर वेळी लक्षात येतं तेव्हा तो आधीच बंद झालेला असतो, कानात फक्त पानांची सळसळ आणि कुठेतरी तांबटाचं टुक टुक टुक. मुंबईत राहणाऱ्या माणसाला आवाज नसणं म्हणजे काय हे विसरायलाच झालेलं असतं. मला पहिल्यांदा तर छातीत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं, दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

जानेवारीत जाण्याचा फायदा म्हणजे पानगळ सुरू झालेली असते आणि झाडांच्या खोडांकडे लक्ष जातं. कांडोळाचं झाड पाहिलंय का कधी? पांढरंफटक खोड, एकही पान नाही, कातळातून वर आल्यासारखं उभं. इंग्रजीत त्याला भुताचं झाड म्हणतात म्हणे. आम्ही जवळ जाऊन हात लावला, साल कागदासारखी पातळ आणि ठिकठिकाणी सुटलेली, आत हिरवट झाक, आणि उन्हात असूनही हाताला गार लागत होती. आईने सांगितलं याचा डिंक काढतात. त्याच्याच बाजूला ऐन होता, त्याची साल बरोबर उलटी, काळपट आणि चौकोनी भेगा पडलेली, मगरीच्या पाठीसारखी. मुलगा एक हात कांडोळावर आणि मग पळत जाऊन एक हात ऐनावर असं करत बसला. त्या अकरा हजारांच्या गवतावर त्याने एक मिनिटही असं काही केलं नव्हतं.

आईचं तर काय सांगू. हा कुडा, हा पळस, ही करवंदाची जाळी, ती बघ काटेसावर अजून फुलायचीये, हे आपल्याकडे कुंपणाला लावतात. माझ्या आईला एवढी झाडं ओळखता येतात हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं. मुंबईत चाळीस वर्षं काढली तिने, सोसायटीत कोण विचारतंय झाडांची नावं. ज्यांच्या घरी गावाकडून आलेली म्हातारी माणसं आहेत त्यांनी एकदा त्यांना इथे घेऊन याच, बागेतल्या बाकावर नको, या रस्त्यावर.

पक्षी बघायचे तर सकाळी नवाच्या आत. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी भृंगराज दिसतोच. काळा कुळकुळीत, कपाळावर तुरा, आणि शेपटीला दोन लांब तारा, तारांच्या टोकाला एक एक पीस, उडताना असं वाटतं की दोन भुंगे त्याच्या मागे लागलेत. तो नकला करतो. आम्ही एका वळणावर उभे होतो, वरून सर्पगरुडाची शीळ ऐकू आली, सगळे आकाशात बघतोय तर आकाशात काही नाही, आणि शीळ पुन्हा आली ती समोरच्या फांदीवरून, हे महाशय. शेजारी एक काका कॅमेरा घेऊन उभे होते, ते म्हणाले तो असाच दुसऱ्यांना घाबरवतो आणि त्यांचा घास पळवतो. मुलाला हे इतकं आवडलं की घरी आल्यावर दोन दिवस तो दाराची बेल तोंडाने वाजवून मला फसवत होता.

अर्ध्या वाटेवर पाड्यांवरच्या बायका बसतात. या जंगलात वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत, पार्क व्हायच्या कितीतरी आधीपासूनचे, आणि रस्त्यावर जे काही खायला मिळतं ते त्यांच्याकडून घ्या असं माझं आग्रहाने सांगणं आहे. काकडी, पेरू, आवळे, बोरं, मेमध्ये करवंदं आणि जांभळं. जी मावशी आम्हाला प्रत्येक वेळी भेटते ती काकडी उभी धरते, चार चिरा देते पण बुडाशी सोडवत नाही, म्हणजे फुलासारखी उघडते, मग चिमटीने तिखट-मीठ आत सोडते आणि पुन्हा मिटून हातात देते. खाताना तिखट बोटांना लागत नाही. दहा-वीस रुपयांची गोष्ट, पण तीन किलोमीटर चढून आल्यावर त्या काकडीची चव मला तरी कुठल्या हॉटेलात मिळाली नाही. मुलाला म्हणाली, बाबू, हातात धरून चालू नको, माकड नेईल. आणि खरंच पुढच्या वळणावर एका कॉलेजच्या मुलीच्या हातातून चिप्सचं पाकीट गेलं, ती किंचाळली, माकड मात्र शांतपणे झाडावर बसून पाकीट फाडायला लागलं.

यावर जरा बोलायचंय. ती माकडं अशी का झाली तर आपणच त्यांना बिस्किटं, वेफर्स, केळी देतो म्हणून. गाडी थांबवून काच खाली करून देणारे लोक मी बघितलेत, पुण्य करतोय असा चेहरा करून. कृपा करून देऊ नका. जंगलात त्यांना उंबर आहे, पाला आहे, फळं आहेत. आणि दुसरं म्हणजे ब्लूटूथ स्पीकर. रविवारी आम्ही एकदा गेलो तेव्हा पाच-सहा जणांचा घोळका पूर्ण रस्ताभर गाणी लावून चालला होता, त्या दिवशी आम्हाला एक पक्षी दिसला नाही, एकही नाही. तुम्ही सहा किलोमीटर चालून ज्यासाठी आलात तेच तुम्ही स्वतः पळवून लावताय. प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा, पाणी स्टीलच्या बाटलीत भरून न्या, माणशी एक लिटर तरी.

आता बिबट्या, कारण प्रत्येक जण हाच प्रश्न विचारतो. हो, आहेत, पार्क आणि आरे वगैरे आजूबाजूचा भाग मिळून पन्नासच्या आसपास असल्याचं वनखात्याच्या कॅमेऱ्यांवरून दिसतं. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात एवढे बिबटे जगात दुसरीकडे क्वचितच असतील. दिवसा मुख्य रस्त्यावर तुम्हाला तो दिसणार नाही, त्याला तुमच्यात काही रस नाही. तो रात्रीचा प्राणी, चितळ, सांबर, रानडुक्कर आणि जंगलाच्या कडेची भटकी कुत्री यांच्यावर जगणारा. नियम साधे आहेत, रस्ता सोडून आत घुसायचं नाही, लहान मुलांना एकटं पुढे पळू द्यायचं नाही, अंधार पडायच्या आत बाहेर यायचं. आतल्या पायवाटा, शिलोंडा ट्रेल वगैरे, त्या परवानगी घेऊन आणि माहितगार माणसाबरोबरच करायच्या. वारली लोक वाघोबाला देव मानतात, त्याची पूजा करतात. आईला हे सांगितलं तेव्हा तिने तिथल्या तिथे जंगलाच्या दिशेने हात जोडले. मला ते बरोबर वाटलं.

कान्हेरी. इथे मी तुमचे दोन तास मागणार आहे, कारण वर येऊन पहिली तीन लेणी बघून परत फिरणारेच जास्त. एकूण १०० च्या वर लेणी आहेत, सगळी काळ्या कातळात, इसवी सनाच्या आधीच्या शतकापासून ते दहाव्या शतकापर्यंत, म्हणजे हजार वर्षं इथे माणसं राहत होती आणि छिन्नी-हातोडा चालू होता. तीन नंबरचं मोठं चैत्य, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह. बाहेरच्या ओसरीत दोन्ही बाजूंना उभे बुद्ध, वीस फुटांहून उंच, मान वर करून बघावं लागतं. आत शिरलं की एकदम गारवा, समोर स्तूप, दोन्हीकडे खांबांची रांग. खांब ३४ आहेत, मुलाने मोजले. काहींच्या माथ्यावर हत्ती आणि पूजा करणारी माणसं कोरलेली आहेत आणि बाकीचे साधे आठकोनी, तसेच सोडलेले. मुलाने विचारलं हे अर्धवट का राहिलं. मला उत्तर माहीत नव्हतं, पण पैसे संपले असतील का, कारागीर गेला असेल का, यावर आमची बरीच चर्चा झाली, आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या कामगाराबद्दल नऊ वर्षांचा मुलगा इतका मनापासून काळजी करतोय हे बघून मला भरून आलं.

तिथल्या शिलालेखात सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं नाव आहे आणि हे चैत्य पुरं करवणाऱ्या गजसेन आणि गजमित्र या दोन व्यापारी भावांचं. इतर लेण्यांतही दान देणाऱ्यांची नावं आहेत, सोपाऱ्याचे, कल्याणचे. सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा! म्हणजे विरार लोकलच्या पट्ट्यातला माणूस दोन हजार वर्षांपूर्वी इथे येऊन दान देऊन गेलाय. मी हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, मग तेव्हा काय गाडीला गर्दी नसेल.

आणि पाणी. हे नक्की बघा, कारण कुणी दाखवत नाही. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी कातळात एक टाकं खोदलेलं आहे आणि वरून डोंगराच्या उतारावर पावसाचं पाणी त्या टाक्यात आणणारे बारीक पन्हळ कोरलेत. बोटभर खोल, हात फिरवला तर समजतात. शिलालेखांत या टाक्याला पोढी म्हटलंय, पानीयपोढी. आजही ट्रेकला जाणारी काही पोरं अशा टाक्याला पोढी म्हणतात, आणि लेण्यालाही त्या लेखांत लेणच म्हटलंय. शब्द तसेच राहिलेत. मी त्या पोढीच्या काठावर वाकून बघितलं तर आत पाणी होतं, जानेवारीत, हिरवट पण स्थिर, आणि त्यात आकाशाचा एक तुकडा. आमच्या सोसायटीला मेमध्ये टँकर मागवावा लागतो. त्या लोकांनी चार महिन्यांच्या पावसावर बारा महिने काढले, पंप नाही, पाईप नाही, नुसता उतार आणि छिन्नी.

वर चढत राहा. अकरा नंबरचं दरबार लेणं, आत दगडाचे दोन लांब बाक, जेवायला किंवा पाठ म्हणायला समोरासमोर बसत असतील. एक्केचाळीस नंबरात अकरा डोक्यांचा अवलोकितेश्वर बोधिसत्त्व आहे, तो शोधायला मजा येते. नव्वद नंबरात पहलवी या जुन्या इराणी लिपीतली नावं कोरलेली आहेत, १००९ आणि १०२१ साली इथे येऊन गेलेल्या पारशी पाहुण्यांची. म्हणजे त्यांच्यासाठीसुद्धा कान्हेरी ही बघायला यायची जागा होती! (यावरून कुणी खिळ्याने आपलं आणि गर्लफ्रेंडचं नाव कोरू नये, तसली नावंही तिथे आहेत आणि ती बघून जीव तुटतो.) अगदी माथ्यावर गेलात की एका बाजूला बोरिवलीचे टॉवर आणि त्यापलीकडे खाडी, हवा स्वच्छ असली तर गोराईचा सोनेरी पगोडा, आणि पाठ फिरवली की नुसतं जंगल, एकही छप्पर नाही. आई त्या माथ्यावर कातळात कोरलेल्या बाकावर बसली आणि म्हणाली थांब जरा, पाच मिनिटं काही बोलू नका. आम्ही तिघंही गप्प बसलो. पाच मिनिटांची वीस झाली असतील.

कपडे-चपलांचं एकच सांगते, पायऱ्या जुन्या आणि झिजलेल्या आहेत, स्लीपर घालून जाऊ नका, आणि पावसात शेवाळ असतं तेव्हा तर अजिबातच नाही.

पावसाचं निघालंच आहे तर, जूनच्या पहिल्या सरीनंतरचं पार्क हे वेगळंच पार्क आहे. पंधरा दिवसांत सगळं बदलतं. कान्हेरीच्या दोन डोंगरांमधल्या घळीतून धो धो पाणी, कातळावर शेवाळ, झाडांत गुंतलेली कळलावी, लाल-पिवळी, जाळ लागल्यासारखी. नवरंग याच दिवसांत येतो, पाचोळ्यात उड्या मारत किडे शोधतो, हिरवा, निळा, तांबूस, पिवळा, सगळे रंग एकाच मुठीएवढ्या पक्ष्यावर. आम्हाला ऐकू आला, दिसला नाही. आणि निळ्या-काळ्या पंखांचं मोठं फुलपाखरू दिसलं तर ते नीलवंत, आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ साली जाहीर झालं. पावसात परत येताना बोरिवली स्टेशनबाहेर आदिवासी बायका शेवळं, टाकळा, फोडशी अशा रानभाज्या घेऊन बसलेल्या असतात, त्या घेऊन घरी या, शेवळं करणार असाल तर त्यात घालायची काकडं ही आंबट फळं मागायला विसरू नका नाहीतर घसा खाजेल.

जुलैमध्ये बातमी येते ना, "तुळशी तलाव भरून वाहू लागला", तो तलाव याच जंगलात आहे. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा, मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांतले हे दोन सगळ्यात छोटे, पण शहराच्या हद्दीतले हेच. आजही आपल्या नळात त्यांचं पाणी येतं. हे जंगल टिकलं ते बऱ्याच अंशी या तलावांमुळे, त्यांचं पाणलोट जपायचं म्हणून आजूबाजूचे डोंगर मोकळे ठेवले गेले. मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकात पाणलोट क्षेत्र हा शब्द आहे, त्याने तो पाठ केला होता. रस्त्यावर उभं राहून मी दाखवलं की हा उतार, इथे पडलेला पाऊस, तो तिकडे जाणार, आणि शेवटी आपल्या हंड्यात. त्याला तो शब्द आता पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

एक मात्र हुकलं आमचं. कारवी, डोंगरउतारावरचं झुडूप. आठ वर्षांनी एकदा फुलते, २०१६ ला फुलली होती आणि मग २०२४ ला, डोंगरउतार जांभळे झाले होते, आणि मी तेव्हा रोज त्याच हायवेवरून ऑफिसला जात होते, एकदाही आत आले नाही. आई म्हणते आमच्याकडे कारवीच्या काठ्यांचे कुड असायचे घरांना, शेणाने सारवलेले, त्यातच ती लहानाची मोठी झाली. फूल मात्र तिने बघून पन्नास वर्षं झाली. आता २०३२. तेव्हा मुलगा कॉलेजात असेल. आईने रस्त्याकडेच्या कारवीचं एक खरखरीत पान चुरगाळून हुंगलं आणि मला म्हणाली, अगं, तोवर पाय चालते ठेवते मी, तू फक्त सुट्टी काढ.

खाण्याचं सांगायचं राहिलं. घरून डबा न्या, धपाटे, चटणी, दही नको. काकडीवाल्या मावशीकडून काकडी घ्याच. वर लेण्यांत डबा उघडू नका, माकडं आहेत आणि ती जागा जेवायची नाही, खाली उतरल्यावर बागेत बसून खा. येताना थकलात तर मिनीबस घ्या पण तिची शेवटची वेळ चढतानाच विचारून ठेवा, सुट्टे पैसे जवळ असू द्या. आम्ही पुढच्या मंगळवारी जातोय, या वेळी नवराही रजा टाकून येतोय, आणि मुलाने त्याला आधीच बजावून ठेवलंय की बाबा, गाडी नाही काढायची.